बंद हंगामातली हजेरी

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतले बहुतेक कारखाने शेतातून आलेल्या मालावर चालतात. लातुरात डाळ मिल आणि सोयाबीनचे तेल-पेंड कारखाने, नांदेडच्या बाजूला कापसाचे जिनिंग-प्रेसिंग आणि दोन्हीकडे साखर. त्यामुळे इथली मंदी पुणे-चाकणच्या मंदीपेक्षा वेगळी असते. वाहनांची विक्री घटली की तिकडे ‘ब्लॉक क्लोजर’ची नोटीस लागते. २०१९ मध्ये टाटा मोटर्स, महिंद्र, बॉश अशा मोठ्या कंपन्यांनी असे बंद दिवस पाळले होते. नांदेड-लातुरात अनेकदा गिऱ्हाईक असते, पण कच्चा माल नसतो. माल आला तर कच्च्या आणि पक्क्या मालाच्या भावाचा मेळ, म्हणजे पॅरिटी, बसत नाही. दोन्ही जमले तर पाणी नसते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर शहराची तहान भागवावी लागली, तेव्हा पिण्याच्या पाण्यापुढे कारखान्यांच्या पाण्याचा विचार मागे पडणे साहजिक होते.

या अडचणीच्या काळात कारखानदाराचा हात सगळ्यात आधी मजुरीच्या खर्चाकडे जातो. वीजबिल, बँकेचे व्याज, शेडचे भाडे यांत लगेच काही कमी होत नाही. माणसे मात्र उद्यापासून घरी बसवता येतात. मराठवाड्यातल्या छोट्या कारखान्यात हे फार सहज होते, कारण त्याला अडवणारा कायदा तिथपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही.

कायद्याचे कुंपण

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘ले-ऑफ’ आणि ‘कपात’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. ले-ऑफ म्हणजे कामगार हजेरीपटावर कायम. कच्चा माल, कोळसा किंवा वीज नसल्याने त्याला तात्पुरते काम देता येत नाही आणि त्या दिवसांसाठी मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यायची. कपात म्हणजे नोकरीच संपवणे. त्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई. शेवटी लागलेल्याला आधी कमी करायचे, हेही त्याच कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिने ही चौकट बरीचशी तशीच ठेवली, मात्र कपातीसाठी सरकारची आगाऊ परवानगी घेण्याची अट शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली. कपात झालेल्या कामगारासाठी पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम मालकाने पुनर्कौशल्य निधीत भरायची, ही त्यातली नवी भर.

नांदेड-लातूरच्या दृष्टीने खरी मेख वेगळ्या कलमात आहे. ले-ऑफच्या भरपाईची तरतूद पन्नासपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला लागू होत नाही आणि हंगामी स्वरूपाच्या कारखान्यालाही होत नाही. जुन्या कायद्यात ही सूट होती, नव्या संहितेतही आहे. वीस-तीस माणसांची डाळ मिल पहिल्या कारणाने बाहेर राहते. पाच महिने चालणारी जिनिंग दुसऱ्या कारणाने बाहेर राहते. म्हणजे मोठ्या, बारमाही कारखान्यातल्या कामगाराला मंदीत जे अर्धे वेतन कायद्याने मिळते, ते इथल्या शेतमाल-उद्योगातल्या बहुसंख्य कामगारांना मिळत नाही. त्यातच दोनशे चाळीस दिवस भरण्याआधी कामगाराला ‘ब्रेक’ देण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुळली आहे. त्यामुळे कपातीची भरपाईही कागदावरच राहते. कामगार टिकवायचा असेल तर या भागात कारखान्याच्या कारभारातच तशी सोय करावी लागते.

कपातीचा हिशेब

माणसे कमी केली की पैसे वाचतात, हे गृहीत धरले जाते, मांडून पाहिले जात नाही. समजा, साठ कामगारांचा एक तेल कारखाना आहे आणि सरासरी पगार महिन्याला १५,००० रुपये. महिन्याचा पगारखर्च ९ लाख. मालकाला तो एक पंचमांशाने, म्हणजे १ लाख ८० हजारांनी कमी करायचा आहे. त्यासाठी बारा माणसे काढावी लागतील. ती दहा-दहा वर्षे काम केलेली असतील तर प्रत्येकाला पाच महिन्यांच्या पगाराइतकी, म्हणजे ७५,००० रुपये भरपाई आणि नोटिशीचे १५,००० द्यावे लागतील. बारा जणांचे १० लाख ८० हजार झाले. महिन्याच्या बचतीने भागले तर उत्तर येते सहा महिने. निधीत भरायचे प्रत्येकी साडेसात हजार धरले तर आणखी अर्धा महिना. ग्रॅच्युइटी वेगळीच, पण ती आज ना उद्या द्यायचीच असते. मंदी सहा महिन्यांत ओसरली तर कपातीतून एक रुपयाही वाचलेला नसतो आणि बारा जाणती माणसे गेलेली असतात.

आता दुसरी वाट. सहा दिवसांचा आठवडा पाच दिवसांचा केला आणि पगार त्या प्रमाणात घेण्यास सगळे तयार झाले तर महिन्याला दीड लाख वाचतात आणि एकही माणूस जात नाही. उरलेले तीस हजार जादा पाळीच्या मजुरीतून सहज निघतात, कारण ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट असतो. पहिली काटछाट तिथेच व्हायला हवी. एकीकडे माणसे काढायची आणि उरलेल्यांकडून दुप्पट दराने जादा तास करून घ्यायचे, हा उफराटा व्यवहार आजही पाहायला मिळतो.

पगारात असा बदल मालकाला एकट्याच्या मनाने करता येत नाही. सेवाशर्ती बदलण्याची नोटीस द्यावी लागते आणि संघटनेशी, संघटना नसेल तर कामगारांच्या प्रतिनिधींशी लेखी करार करावा लागतो. करारात तीन गोष्टी स्पष्ट असतील तरच तो टिकतो: किती महिन्यांसाठी, व्यवस्थापनाचा पगार किती कापला जाणार आणि धंदा सावरल्यावर कापलेल्यापैकी काय परत मिळणार. वरिष्ठांचा पगार शाबूत ठेवून हमालाचा रोज कापला तर कागदावर सह्या होतात, पण पुढच्या हंगामात माणसे दुसरीकडे जातात.

जर्मनीत हीच पद्धत सरकारच्या पैशाने चालते. तिला तिथे कुर्त्सआर्बाइट म्हणतात. तास कमी झाले की बुडालेल्या निव्वळ वेतनाचे साठ टक्के, मूल असलेल्याला सदुसष्ट टक्के, रोजगार विमा निधीतून मिळतात. २००९ च्या मंदीत तिथले सुमारे १४ ते १५ लाख कामगार आणि एप्रिल २०२० मध्ये सुमारे ६० लाख कामगार या योजनेवर होते. भारतात असा निधी नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. ती नव्वद दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या कमाईचा पन्नास टक्के भत्ता देते. पण तो नोकरी गेल्यावर मिळतो. नोकरी टिकवण्यासाठी कमी तासांची भरपाई करणारा भाग त्यात नाही आणि विम्याबाहेरचा रोजंदार तर तिथवर जातच नाही. हीच रक्कम काम वाटून घेणाऱ्या कारखान्याला दिली तर सरकारचा खर्च वाढणार नाही आणि माणूस बेकार होण्याआधीच सावरेल.

साखर कारखान्यांनी केलेली सोय

मराठवाड्याला यासाठी जर्मनीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. पुढचे सहा-सात महिने चाके थांबलेली. तरीही साखर कारखान्याला दर वर्षी नवे पॅनमन, नवे फायरमन, नवे फिटर शोधावे लागत नाहीत. कायम कामगार बंद हंगामातही हजेरीवर असतात आणि हंगामी कामगाराला घरी असताना ‘रिटेन्शन’ भत्ता मिळतो. १९५७ मध्ये केंद्र सरकारने साखर उद्योगासाठी वेतन मंडळ नेमले. पुढे महाराष्ट्रात त्रिपक्षीय समित्यांचे करार होत गेले. या सगळ्यांतून ही प्रथा घट्ट झाली. कुशल माणसाला भत्ता जास्त, अकुशलाला कमी, आणि पुढच्या हंगामाला वेळेवर हजर राहणे ही त्याची अट.

या भत्त्यामागचा विचार धंद्याचाच आहे. उसाचा रस कढईत कोणत्या क्षणी दाणा धरतो, हे पॅनमनला वर्षानुवर्षांच्या सवयीने कळते. असा माणूस पुण्याला सुरक्षारक्षक म्हणून गेला तर कारखान्याचे नुकसान भत्त्याच्या कितीतरी पट होते. बंद हंगामात कायम माणसे मिलचे रोलर उतरवतात, बॉयलरच्या नळ्या साफ करतात, पंप खोलतात, बेअरिंग बदलतात. हेच काम बाहेरच्या ठेकेदाराला दिले तर पैसे गावाबाहेर जातात आणि यंत्राची नस ओळखणारा माणूस रिकामा राहतो.

साखर कारखान्यांनी दुसरी सोय केली ती सहवीजनिर्मिती आणि डिस्टिलरीची. बगॅसवर वीज, मळीवर अल्कोहोल आणि इथेनॉल. त्यामुळे ऊस संपल्यावरही काही विभाग चालू राहतात. पण एकाच धोरणावर विसंबले की काय होते, तेही या उद्योगाने पाहिले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने त्या हंगामासाठी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध घातले आणि नव्याने डिस्टिलरीत पैसा घातलेल्यांचे गणित विस्कटले. ज्यांच्याकडे मळी, रस आणि धान्य अशा एकाहून अधिक कच्च्या मालांवर चालणारे संयंत्र होते, ते त्यातल्या त्यात तगले.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. ऊस नसलेल्या वर्षी, म्हणजे भत्त्याची सर्वाधिक गरज असते तेव्हाच, तो थकतो. राज्यातल्या अनेक कारखान्यांत कामगारांचे महिनोन्‌महिन्यांचे पगार थकले आहेत. भत्ता चालू वर्षाच्या विक्रीतून देण्याऐवजी चांगल्या हंगामात पोत्यामागे ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकली तर दुष्काळी वर्षातही तो देता येईल. असे स्वतंत्र खाते, ज्याला संचालक मंडळ परस्पर हात लावू शकणार नाही, ही या भागातल्या प्रत्येक हंगामी उद्योगाची गरज आहे.

डाळ मिल आणि जिनिंग

लातूरचा तुरीचा आणि सोयाबीनचा भाव राज्यभर पाहिला जातो. मिलमध्ये आलेली तूर आधी चाळणीवर जाते. मग रोलवर तिला ओरखडे पाडतात, तेल-पाणी लावतात, अंगणात किंवा ड्रायरमध्ये सुकवतात आणि पुन्हा रोलवर घालून साल काढतात. डाळ वेगळी, चुनी वेगळी, भुसा वेगळा. तेल किती लावायचे आणि किती वेळ मुरवायचे, हे त्या वर्षीच्या दाण्यावर ठरते. हात चुकला की तुकडा वाढतो आणि उतारा घटतो. तुकडा डाळीच्या भावात जात नाही. म्हणून जुन्या मिस्त्रीची किंमत मालकाला पक्की ठाऊक असते.

या मिलची मंदी बऱ्याचदा दिल्लीहून येते. मे २०२१ पासून तुरीची आयात मुक्त ठेवली गेली आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढली. जून २०२३ मध्ये तूर आणि उडदावर साठ्याची मर्यादा आली. डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा शुल्काविना येऊ लागला. सोयाबीनचे तसेच. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजार त्याखाली राहिला. एकीकडे तेलाच्या आयातशुल्काची चढउतार, दुसरीकडे मका-तांदळाच्या इथेनॉलमधून निघणाऱ्या स्वस्त डीडीजीएसने, म्हणजे धान्याच्या वाळवलेल्या चोथ्याने, पशुखाद्यात सोयापेंडेची जागा घेतलेली. अशा वेळी गाळप चालवले तर क्विंटलमागे तोटा आणि बंद ठेवले तर माणसे रिकामी.

यातून निघण्याच्या वाटा आहेत आणि त्यांतल्या काही वापरातही आहेत. स्वतःचा माल घेण्याची ताकद नसेल तर दुसऱ्याचा माल मजुरीवर दळून द्यायचा. नफा थोडा, पण भावाची जोखीम नाही आणि पाळी चालू राहते. नाफेडकडची हरभऱ्याची किंवा तुरीची खरेदी डाळ करून देण्याचे काम निविदेने मिळते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत डाळ’मुळे असे काम देशभर वाढले. दुसरी वाट म्हणजे एकाच शेडमध्ये पिकांची फेरपालट. हिवाळ्यात तूर येते, तिच्या पाठोपाठ हरभरा, पावसाळ्यात मूग-उडीद. थोडी यंत्रे बदलली की त्याच माणसांना वर्षातले आणखी दोन-तीन महिने काम मिळते. बेसन आणि फुटाणा ही हरभऱ्याची पुढची पायरी. तिसरी वाट शेतकरी उत्पादक कंपन्यांची. त्यांच्याकडे माल असतो, यंत्रे नसतात. मिलकडे यंत्रे असतात, खेळते भांडवल नसते. वर्षाचा करार झाला तर दोघांची गरज भागते.

जिनिंगची स्थिती जास्त कठीण आहे. नांदेड हे कापसाचे जुने गाव. १९८४ मध्ये इथल्या कापूस संशोधन केंद्राच्या ‘नांदेड ४४’ या संकरित वाणाने राज्याबाहेरही नाव कमावले. पुढे शेतकरी सोयाबीनकडे वळला आणि जिनिंगचे हंगाम आखडले. बंद काळात डबल रोलर जिनच्या कातडी रोलरना खाचा पाडणे, सुऱ्यांचे अंतर लावणे, प्रेसच्या हायड्रॉलिकची सीले बदलणे ही कामे असतात. पण ती पाच-सहा माणसांना पुरतात. उरलेल्यांसाठी सरकीचे घाणे, पेंडीची भरणी, गोदाम भाड्याने देणे असे जोडधंदे लागतात. गोदाम-पावतीवर शेतकऱ्याला तारण कर्ज मिळते, त्यामुळे जिनच्या रिकाम्या शेडला बंद हंगामात सोयाबीन-हरभऱ्याच्या साठवणीचे भाडे येऊ शकते आणि त्याबरोबर हमाल, चौकीदार, वजनकाट्यावरचा माणूस कामावर राहतो.

मार्केट यार्डातल्या हमालांची रीत इथे उपयोगी पडते. हमाल टोळीने काम करतात. दिवसभरात जेवढी पोती उतरली त्याची मजुरी टोळीत वाटली जाते. आवक कमी झाली म्हणून टोळीतून कोणाला काढत नाहीत, सगळ्यांचा वाटा कमी होतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने या असंघटित कामाला मंडळाचा आधार दिला: मालकाने मजुरीबरोबर लेव्ही भरायची आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार. मराठवाड्यात त्याची अंमलबजावणी सगळीकडे सारखी नाही. ज्या यार्डात ती नीट आहे तिथे मंदीच्या महिन्यातही हमालाच्या नावावर काही जमा असते.

याउलट ‘उचल’ देऊन माणूस बांधून ठेवण्याची पद्धत धोक्याची आहे. रिकाम्या महिन्यांत मालक आगाऊ पैसे देतो आणि हंगामात कापून घेतो. बिनव्याजी, लेखी आणि हप्त्यांची मर्यादा घातलेली उचल कामगाराला तारते. तोंडी आणि वाढत जाणारी उचल त्याला दुसरीकडे जाण्यापासून अडवते, आणि १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने हे गुन्हा ठरवले आहे.

गिरणीचा अनुभव

नोकऱ्या वाचवण्याचा नांदेडमधला सर्वांत मोठा प्रयत्न कापड गिरणीत झाला. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानच्या नावाने उभी राहिलेली उस्मानशाही मिल आजारी पडली आणि १९७४ च्या कायद्याने देशातल्या १०३ आजारी गिरण्यांबरोबर ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. कामगारांची नोकरी त्या वेळी वाचली. पुढे शहरात नांदेड टेक्स्टाइल मिलही उभी राहिली. पण गिरण्यांकडे माणसे सांभाळण्याचे साधन म्हणून पाहिले गेले. यंत्रे बदलण्यासाठी पैसा पुरेसा आला नाही, यंत्रमागांच्या कापडाशी भाव जुळेना आणि पगार तोट्यातून दिले जाऊ लागले. नव्वदच्या दशकात महामंडळाच्या नऊपैकी आठ उपकंपन्या आजारी ठरल्या. २००२ च्या पुनर्वसन योजनेत देशभरातल्या साठहून अधिक गिरण्या बंद करायच्या ठरल्या. नांदेडच्या गिरण्याही बंद पडल्या आणि कामगारांच्या हाती स्वेच्छानिवृत्तीची रक्कम आली.

राष्ट्रीयीकरण चूक होते असा याचा अर्थ लावणे घाईचे होईल. दोन-तीन दशके हजारो घरे त्यावर चालली. अडचण ही की मिळालेल्या वेळात गिरणी बदलली नाही. मुंबईत कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जमध्ये कामगारांनी सहकारी संस्था काढून कारखाना चालवायला घेतला. १९८८ मध्ये औद्योगिक पुनर्रचना मंडळाने त्याला मंजुरी दिली आणि बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू झाला. नांदेडला तसा प्रयोग झाला असता तरी नवी यंत्रे आणि खेळते भांडवल यांचा प्रश्न आधी सुटावा लागला असता.

ज्या कंपन्यांनी मंदीत माणसे टिकवली, त्यांनी रिकामा वेळ नुसता जाऊ दिला नाही. अमेरिकेतल्या लिंकन इलेक्ट्रिकने १९५८ पासून अनुभवी कामगारांना काही किमान तासांची हमी दिली, बदल्यात कामाची जागा आणि तास बदलण्याची मुभा घेतली. ऐंशीच्या दशकातल्या मंदीत तिथले कारखान्यातले कामगार प्रशिक्षण घेऊन विक्रीवर गेले. २००८ मध्ये टोयोटाने टेक्सासमधला कारखाना तीन महिने थांबवला आणि कामगारांना पगार देऊन प्रशिक्षणात ठेवले. लातूरच्या तेल कारखान्यात याचे रूप साधे असेल: बॉयलरवरच्या मदतनिसाला बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसवणे, हमालाला पॅकिंग मशिन शिकवणे, फिटरला सौर पॅनेलची जोडणी शिकवणे. आयटीआयची कार्यशाळा तालुक्याला असते, वर्ग घेणारे निदेशकही असतात.

रोख पैसा

छोटा कारखाना माणसे काढतो तेव्हा अनेकदा तोटा हे कारण नसते, त्या महिन्यात हाती पैसा नसतो. मालाचा भाव पडला की गोदामातल्या साठ्याची किंमत घटते आणि बँक त्या प्रमाणात उचलमर्यादा खाली आणते. म्हणजे पैशाची गरज वाढते नेमका तेव्हाच तो आटतो. नव्वद दिवस हप्ता थकला तर खाते अनुत्पादक ठरते. म्हणून बँकेकडे पुनर्रचनेचा अर्ज घेऊन पहिल्याच महिन्यात जावे लागते, तिसऱ्या महिन्यात उशीर झालेला असतो. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगाची बिले पंचेचाळीस दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. ती वेळेत न दिल्यास त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही, ही आयकराची तरतूदही आता त्यामागे आहे. पेंड उचलणाऱ्या मोठ्या पशुखाद्य कंपनीकडे महिनोन्‌महिने अडकलेली उधारी सुटली तर एका पाळीचे पगार त्यातून भागतात.

टाळेबंदीच्या काळात सरकारने यातले काही करून दाखवले. मार्च २०२० पासूनचे सहा महिने शंभरपर्यंत कामगार असलेल्या आणि बहुतेकांचा पगार पंधरा हजारांखाली असलेल्या आस्थापनांचा भविष्य निर्वाह निधीचा दोन्हीकडचा मिळून चोवीस टक्के हिस्सा केंद्राने भरला. कर्जबाकीच्या वीस टक्के हमीयुक्त जादा कर्ज बँकांनी दिले. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यातल्या कृषीप्रक्रिया उद्योगाला हीच सवलत लावण्यास तत्त्वतः अडचण नाही. शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती असे निर्णय दुष्काळ जाहीर होताच लागू होतात. त्याच शेतमालावर जगणारा मिलमधला कामगार त्या यादीत नसतो.

एवढे करूनही काही वेळा माणसे कमी करावीच लागतात. तेव्हा ज्येष्ठतेची यादी फळ्यावर लावणे, भरपाई आणि ग्रॅच्युइटी शेवटच्या दिवशीच हातात देणे, भविष्य निर्वाह निधीचे आणि विम्याचे कागद भरून देणे ही मालकाची जबाबदारी असते. कपातीनंतर पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी बोलावण्याचे बंधन जुन्या कायद्यात होते. नव्या संहितेने ते एका वर्षापुरते ठेवले आहे. नांदेड-लातूरचे चक्र हंगामाचे आहे आणि दुष्काळ बहुधा पुढच्या चांगल्या पावसापर्यंत टिकतो, त्यामुळे हे एक वर्ष पुष्कळदा पुरते. त्यासाठी काढलेल्यांची नावे, त्यांचे काम आणि मोबाइल क्रमांक यांची यादी कारखान्याच्या कार्यालयात ठेवावी लागते. जागा निघाली की पहिला फोन त्या यादीतल्या माणसांना जायला हवा, आणि ठेकेदाराकडून नवी माणसे मागवण्याची वेळ ती यादी संपल्यावर येते.